बायोलॉजी आवडतं म्हणून गणित सोडू नका

दहावीचा निकाल लागला की ओळखीच्या आया मला हमखास विचारतात, ‘ताई, हिला बायोलॉजी फार आवडतं. मग अकरावीला गणित सोडलं तर चालेल ना?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. एवढ्यात सोडू नका.

बायोलॉजी म्हणजे डॉक्टर आणि गणित म्हणजे इंजिनीअर, अशी वाटणी आपण घरबसल्या करून टाकतो. मग मेडिकलला नंबर लागला नाही की मुलगी हिरमुसते. पण या दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात असं एक शिक्षण आहे, बायोमेडिकल इंजिनीअरिंग. बारावीनंतर चार वर्षांची पदवी.

काय असतं त्यात? २०२० मध्ये करोना आला तेव्हा ऑक्सिमीटर घरोघरी पोचला. तो इवलासा चिमटा बोटातून दोन प्रकाश सोडतो, एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे प्रकाश कमी-जास्त शोषतं, त्या फरकावरून आकडा निघतो. रक्तासाठी बायोलॉजी, प्रकाशासाठी फिजिक्स आणि हिशेबासाठी गणित! ईसीजीचंही तसंच. छातीवर मिळणारा हृदयाचा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तांदळातले खडे वेचावेत तसा आजूबाजूच्या विजेचा गोंगाट वेचून काढायचा, आणि तो संकेत कितीतरी पटींनी मोठा करायचा.

‘मुलीच्या जातीला मशिनची कामं कशाला?’ असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. त्यांना सांगा, बंद पडलेल्या यंत्राची झळ आधी बाईलाच लागते. बाळंतपणानंतर बाळाला ऊब देणारं यंत्र चालत नसलं, तर रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या गावी धावायचं कुणी? राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी दवाखान्यांतल्या उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद निघाली. त्यावर २०१५ मध्ये देखभालीची योजनाही आली. यंत्र विकत घेणं सोपं, ते चालू ठेवणारं माणूस मिळणं अवघड. ते माणूस आपली लेक का असू नये?

आता व्यवहाराचं बोलू. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला जायचं तर सीईटीचा पीसीएम गट, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित. गणित सोडलं की ही वाट बंद. म्हणून अकरावीला गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेता येतात का, ते कॉलेजात विचारा. अभ्यास वाढेल, पण दोन्ही दारं उघडी राहतील. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश सरकारी फेरीतून हवा, आणि राहण्या-जेवणाचा खर्च आपलाच.

अडचणी आहेत. ही शाखा सगळीकडे नाही, बहुधा मोठ्या शहरातच जावं लागतं. सुरुवातीच्या नोकरीत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरावं लागतं, पगारही लगेच डोळे दिपवणारा नसतो. हे मुलीला आधीच सांगा. आणि मग निर्णय तिला घेऊ द्या. फक्त सोळाव्या वर्षी, गणिताच्या धास्तीने किंवा शेजारणीच्या सल्ल्याने, तिच्या हातून हा पर्याय जाऊ देऊ नका.