रिकामा खण

साहित्याच्या अभ्यासकांना 'समग्र' या शब्दाचे विलक्षण आकर्षण असते. एखाद्या लेखकाचे समग्र वाङ्मय फडताळात ओळीने लागले, की तो लेखक आपल्याला पुरता गवसला असे वाटू लागते. या समाधानाची चिकित्सा करायची, तर जिथे समग्रतेचा हिशेब रोकड्या आकड्यांत मांडलेला असतो अशा क्षेत्राकडे पाहणे उपयोगाचे ठरते. अमेरिकेतील बेसबॉल-कार्डांचे संच जमवण्याचा छंद हे आमच्या मते असे एक क्षेत्र होय.

हातात मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचे चित्र, मागे त्याची माहिती किंवा जाहिरात. ही कार्डे आरंभी सिगारेटच्या पाकिटांतून आणि पुढे च्युइंगमच्या पुड्यांतून येत. पुडीत कोणते कार्ड निघेल हे ठाऊक नसे. तेच तेच खेळाडू पुन्हा पुन्हा हाती येत. मग मित्रांशी अदलाबदल करायची, क्रमांक जुळवायचे आणि यादीतील एकेका नावापुढे खूण करायची. हा निव्वळ पोरखेळ आहे असे म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. आम्हांला मात्र ही वाचनाची एक रीत वाटते, आणि तिच्यात एक न्यायबुद्धीही दिसते.

ही न्यायबुद्धी कोणती? संचात तारांकित खेळाडूला एक खण आणि दोन हंगामांत विस्मृतीत गेलेल्या खेळाडूलाही एकच खण. 'टॉप्स' या कंपनीच्या १९५२च्या संचात ४०७ कार्डे होती. पहिला क्रमांक अँडी पॅफ्को या खेळाडूचा. मुले गठ्ठा क्रमवार लावून त्याला रबर गुंडाळत. सर्वांत वरचे कार्ड झिजे. परिणामी पॅफ्कोचे कोरे-करकरीत कार्ड आज अतिशय दुर्मीळ आहे. त्याच्या खेळाशी या दुर्मीळतेचा काही संबंध नाही. ती लावणीच्या क्रमातून जन्मली आहे. आपण एखादी गोष्ट कशी लावतो याचा त्या गोष्टीच्या आयुष्यावर परिणाम होतो, हे याहून नेमके कोणते उदाहरण सांगेल?

त्याच संचातील ३११ क्रमांकाचे मिकी मँटलचे कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. गंमत अशी, की ३११पासून पुढच्या शेवटच्या मालिकेत मँटलचे कार्ड इतर बहुतेकांच्या दुप्पट छापले गेले होते. म्हणजे त्याचे शेजारी संख्येने त्याच्याहून विरळ. पण बाजाराला शेजाऱ्यांशी कर्तव्य नाही. बाजार एकच कार्ड उचलतो, त्याला गुण देतो, प्लास्टिकच्या कवचात बंद करतो आणि उरलेल्या संचाला भरताड ठरवतो. चार निवडक कवितांवर कवी ओळखणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमांची आठवण येथे कोणाला झाली, तर ती अस्थानी ठरू नये.

इथवर आम्ही संचाच्या बाजूचे. परंतु संचाचा पूर्णतेचा दावा मात्र आम्ही जसाच्या तसा स्वीकारत नाही. कारण साधे आहे: 'पूर्ण' म्हणजे किती, हे संग्राहक ठरवत नाही. 'गौडी' या च्युइंगम-कंपनीने १९३३ साली २४० क्रमांकांचा संच काढला, त्यात १०६ क्रमांकाचे कार्ड काढलेच नाही. मुले त्या एका कार्डासाठी पुड्या घेत राहिली. अखेर तक्रारीची पत्रे गेली, तेव्हा कंपनीने १९३४मध्ये नॅपोलियन लाजोई या खेळाडूचे कार्ड त्या क्रमांकाने छापले आणि पत्रलेखकांना टपालाने पाठवले. संग्रहाला अर्थ येतो तो त्यात नसलेल्या वस्तूमुळे, असा विचार फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रियार यांनी १९६८ साली मांडला. गौडीच्या व्यापाऱ्यांना तो पस्तीस वर्षे आधी गल्ल्यावर बसून उमगला होता!

कधी पूर्णता मागाहूनही ठरते. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटींबरोबर आलेल्या कार्डांवर क्रमांकच नव्हते. त्यांना 'टी २०६' हे नाव दिले सिराक्यूज शहरातील कारखान्यात नोकरी करणाऱ्या जेफरसन बर्डिक यांनी, आपल्या सूचीत. आज या संचात ५२४ कार्डे धरण्याची परंपरा आहे. पण होनस वॅग्नरच्या कार्डासह चार कार्डे इतकी दुर्मीळ, की ५२० जमली तरी संग्राहक संच पूर्ण झाला असे मानतात. पूर्णतेची व्याख्या अशी ऐपतीप्रमाणे वाकते. संधिवाताने जखडलेल्या बर्डिक यांनी आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि वर्षानुवर्षे तिथे बसून तो वह्यांत चिकटवला. जानेवारी १९६३मध्ये काम संपले. मार्चमध्ये ते निवर्तले. डिंक लागलेल्या कार्डाला बाजारात किंमत उरत नाही. आमच्या लेखी मात्र या छंदातील सर्वांत प्रतिष्ठित कृती तीच: विकण्याची वाट बंद करून वाचण्याची वाट मोकळी करणे.

आता खरा प्रश्न. गौडीच्या त्याच १९३३च्या संचात बेब रूथची चार कार्डे आहेत. लाजोई १९१६नंतर प्रमुख संघांतून खेळलेला नव्हता, तरी त्यालाही क्रमांक मिळाला. त्या वर्षी ऐन भरात असलेला जॉश गिब्सन मात्र त्यात नाही. तो कृष्णवर्णीय होता. प्रमुख संघांची दारे त्याला बंद होती. जानेवारी १९४७मध्ये तो वारला आणि त्याच एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. पुढे २०२०मध्ये 'निग्रो लीग्ज'ना प्रमुख स्पर्धांचा दर्जा देण्यात आला. २०२४मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत आली, आणि ०.३७२ सरासरीने गिब्सन टाय कॉबच्या पुढे, सर्वकालीन फलंदाजांत पहिला ठरला.

लाजोईचा खण रिकामा होता, म्हणून मुलांनी पत्रे लिहिली. गिब्सनसाठी खणच नव्हता. त्याच्याबद्दल तक्रार कोण करणार? २४० कार्डे ओळीने लावणाऱ्याचा संच निर्दोषपणे पूर्ण होतो, आणि ही पूर्णताच वगळलेल्याला अदृश्य करते. रिकामा खण निदान काही उणे असल्याचे सांगतो. न आखलेला खण काहीच सांगत नाही.

म्हणून संच जमवूच नये काय? आमचे मत उलट आहे. संच जमवावा, क्रमाने लावावा, विसरलेल्या नावांसह शेवटच्या क्रमांकापर्यंत जावे. केवळ मँटल विकत घेणाऱ्याला यादीच दिसत नाही. मग तिची कुंपणे कुठून दिसणार? यादीशी जो प्रामाणिक राहिला, त्यालाच ती कोणी केली आणि कोणासाठी केली हे विचारण्याचा अधिकार पोचतो. साहित्याचा इतिहास शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी आपापल्या याद्या एकदा या दृष्टीने चाळून पाहाव्यात. त्यात १०६ क्रमांक सापडेलच. गिब्सनला मात्र शोधावे लागेल.