चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

सकाळी सहाला माझी मूठ वळत नाही. डब्याचे झाकण भाची उघडून देते. अकरापर्यंत बोटे सैल होतात आणि मी फळ्यावर लिहू लागते. नेमक्या अकराच्या सुमारास मला अपंगत्व तपासणी मंडळापुढे उभे केले. "मूठ मिटा. उघडा. सही करा." मी सही केली. कागदावर 28 टक्के आले. आठ वर्षांचा संधिवात, रोजच्या गोळ्या, सकाळी सहाचा हात यांतले काहीच त्या कागदावर नव्हते.

मला पगार आहे. सवलत नाही मिळाली तर मी उपाशी मरणार नाही. पण रहिमतपुरात माझ्याच गल्लीत एक खाला शिलाई मशीनवर घर चालवत होती. तिची बोटे माझ्याआधी वाकडी झाली. मशीन बंद, नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी 50,000 रुपयांची वार्षिक उत्पन्न मर्यादा आहे. त्यात ती बसते. दिव्यांगांचे अनुदान 2025 मध्ये दरमहा 1500 वरून 2500 झाले, हेही चांगले झाले. पण दारावर 40 टक्क्यांची कडी आहे. आजारपणाच्या दाराने जावे तर तिथे क्षय, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशी यादी आहे. त्यात संधिवात नाही. मग तिने जावे कुठे?

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आले. आपण खूश झालो. पण त्याच कायद्यातील नोकरीच्या 4 टक्के राखीव जागांत हे रक्ताचे आजार नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घेणाऱ्याचा आजार तर यादीतच नाही. महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते काढले. नाव बदलले, खाते बदलले. मोजपट्टी मात्र सांधा किती वळतो आणि जोर किती लागतो असे विचारते. दुखणे रोज किती तास राहते, हे विचारत नाही.

म्हणतील, बोगस प्रमाणपत्रांचा सुळसुळाट आहे. आहेच. चोरांना पकडा. पण चोरामुळे आजाऱ्याकडेही संशयाने पाहायचे, हा कुठला न्याय? लिहिताना हातात पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने सांगितले की लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. म्हणजे गरज आणि टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेच अनुदानाला का लागू नसावे?

आता थोडे आपल्या घरातले. खालाला सगळे सांगतात, सब्र कर. रमजानमध्ये जकातीचे चार पैसे देतात आणि आपले कर्तव्य संपले असे मानतात. जकात द्यावीच, पण ती सरकारकडच्या हक्काची जागा घेऊ शकत नाही. आणि मुलीचे दुखणे निकाहापर्यंत लपवणारे आपणच. पुढे प्रमाणपत्र मागायची वेळ येते तेव्हा जुना एकही कागद सापडत नाही. आजाऱ्याने उभे राहता येत नसेल तर बसून नमाज पढावी, बसता येत नसेल तर पडून. रोजे पुढे ढकलावेत. ही सवलत देताना कोणी टक्के विचारले? जो दीन माणसाची ताकद पाहून बोजा हलका करतो, त्याचे मानणारे आपण हक्क मागायला का लाजतो?

मागणी साधी आहे. एका दिवसाच्या तपासणीऐवजी वर्षभराच्या उपचारांचे कागद पाहा. कामावर काय परिणाम झाला ते लिहा. चढ-उतार होणाऱ्या आजारांसाठी वेगळी मोजपट्टी करा.

तोवर आपण काय करायचे? डॉक्टरची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. निकाल पटला नाही तर अपील करा. कायद्यात तशी तरतूद आहे. मोहल्ल्यातील शिकलेल्यांनी अर्ज भरून द्यावेत. खालाचे अपील मी लिहिले आहे. दुपारी लिहिले, कारण सकाळी मला लिहिता आले नसते. हेही त्यात नोंदवले आहे.