वेगाचे औषध

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी धारला मावशीकडे गेले होते. माळव्यातल्या रात्री थंड असतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मे महिन्यातली दुपार ती दुपारच! अशा दुपारी माझा धाकटा मावसभाऊ खोलीचे दार लोटून, पंखा अंगावर घेऊन, लॅपटॉपवर खेळत बसलेला असे. खेळ ऐन रंगात आला की पडद्यावरचे चित्र अडखळे आणि लॅपटॉपमधला इवलासा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावू लागे.

"ताई, प्रोसेसरच कमजोर आहे," तो मला म्हणाला. "म्हणून तर मी हे बूस्टर घेतलं."

बूस्टर म्हणजे एक सॉफ्टवेअर. त्याची वर्षाची वर्गणी त्याने शिकवण्यांच्या पैशातून भरली होती. उघडले की मोटारीच्या काट्यासारखा काटा दिसे. मधले बटण दाबले की काटा तांबड्यावरून हिरव्यावर जाई आणि 'प्रोसेसर खेळासाठी सज्ज' अशी अक्षरे उमटत. चित्र मात्र पूर्वीसारखेच अडखळे. यावरून त्याने निष्कर्ष काढला तो असा, की औषध चांगले आहे पण रोगीच मरणपंथाला लागला आहे. तेव्हा नवा लॅपटॉप हवा!

संध्याकाळी स्वयंपाकघरात मावशीने मला हळूच विचारले, "तू संगणकाचंच शिकतेस ना? खरंच नवा घ्यावा लागेल का गं? नाहीतर मुदतीची ठेव मोडावी म्हणते."

मित्रहो, हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहीत आहे. कारण असा प्रश्न आज धारमध्येच नव्हे, आपल्या बेळगावातही अनेक घरांत विचारला जात असेल.

प्रथम हे सॉफ्टवेअर नेमके करते काय ते पाहू. खेळातले चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचे असेल, तर एका चित्रासाठी संगणकाला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसरने खेळाचे नियम, पात्रांच्या हालचाली, कोण कुणावर आदळले हे सारे हिशेब करायचे आणि ग्राफिक्स चिपने चित्र रेखाटायचे. प्रोसेसरला मात्र खेळ हे एकच काम नसते. त्याच वेळी व्हायरस शोधणारा प्रोग्राम फायली चाळत असतो, ब्राउझरची वीस पाने उघडी असतात, कुठले तरी अपडेट उतरत असते. यांपैकी कुणाला कधी आणि प्रोसेसरच्या कोणत्या गाभ्यावर जागा द्यायची, हे ऑपरेटिंग सिस्टिममधला कारभारी ठरवतो. त्याला शेड्यूलर म्हणतात.

हा कारभार समजावून सांगायला मला दृष्टान्त मिळाला तो देवासला. धारहून आम्ही दोघे इंदूरमार्गे मामांकडे गेलो होतो. मामा जुन्या गोष्टी रंगवून सांगतात. देवास हे गाव एक, पण राज्ये दोन. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. दोघांचे राजवाडे वेगळे, दरबार वेगळे, कारभारी वेगळे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून काही महिने इथे राहिले. त्यांनी हा दुहेरी संसार मोठ्या कौतुकाने वर्णिला आहे. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या.

मी मावसभावाला म्हटले, "तुझ्या प्रोसेसरमध्येही थोरली आणि धाकटी पाती आहे, ठाऊक आहे का?" त्याला ती थट्टा वाटली. पण गोष्ट खरी आहे. २०२१ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुष्कळ प्रोसेसरांत दोन जातींचे गाभे असतात: काही मोठे, वेगवान आणि वीजखाऊ, काही लहान, सावकाश पण काटकसरी. खेळाचे निकडीचे काम मोठ्यांकडे आणि किरकोळ कामे लहानांकडे गेली तर सारे सुरळीत चालते. अर्ज चुकीच्या दरबारात गेला, की रयत खोळंबलीच म्हणून समजा!

इथे खऱ्या सॉफ्टवेअरला वाव आहे, हे मी नाकारत नाही. 'प्रोसेस लासो'सारखे प्रोग्राम, मागे बसून प्रोसेसर अडवणाऱ्या कामाचा अग्रक्रम तात्पुरता उतरवतात. एखादे काम अमुक गाभ्यांवरच चालावे असेही ठरवून देतात. विंडोजमध्ये २०१७ पासून 'गेम मोड' आहे. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. इंटेलने २०२३ साली चौदाव्या पिढीबरोबर आपले स्वतःचे सॉफ्टवेअर आणले, ते कामे गाभ्यांवर अधिक नेमकेपणाने वाटते. पण लक्षात घ्या, सुरुवातीला ते किती खेळांसाठी होते? अवघ्या दोन! ज्यांनी प्रोसेसर घडवला त्यांनाही एकेका खेळाचा स्वभाव पाहून औषध द्यावे लागले. मग एकाच बटणाने सारे खेळ बरे करणाऱ्या वैद्यावर आपण विश्वास का ठेवावा?

मामांच्या ओसरीवर आम्ही प्रयोग केला. एकच खेळ, त्यातली एकच जागा, तीच पाच मिनिटे. एकदा बूस्टर चालू ठेवून, एकदा बंद करून. असे तीनदा. दर सेकंदाच्या चित्रांची संख्या मामांनी वहीत टिपली. कधी बूस्टरच्या बाजूने दोन जास्त, कधी दोन कमी. हिरव्या अक्षरांचा सारा पराक्रम एवढाच!

नंतर आम्ही प्रोसेसरचे तापमान पाहिले. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला की ते वर चढे, आणि तापमान मर्यादेला टेकले की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवी. जीव वाचवण्यासाठीची त्याची ती उपजत युक्ती आहे. अडखळण्याचे मूळ सापडले. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात मागचे झाकण उघडले, तर पंख्याच्या तोंडाशी धुळीची जाड गादी बसलेली! पठ्ठ्या दोन वर्षे लॅपटॉप उशीवर ठेवून खेळत होता. पंखा साफ झाला, वाळलेली पेस्ट बदलली, खाली लाकडी पाट आला, व्हायरस शोधण्याची वेळ पहाटेची ठरली. खेळ पूर्ण नव्हे, पण खेळण्याजोगा सुरळीत झाला. मुदतीची ठेव जिथल्या तिथे राहिली.

कुणी म्हणेल, मग व्होल्टेज वाढवून प्रोसेसर पळवणारी सॉफ्टवेअरे आहेत, त्यांचे काय? ती खरोखर वेग वाढवतात. पण हिशेब मांडून पाहा. प्रोसेसर चालताना खाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवली, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३ पट. दहा टक्के वेगासाठी एक तृतीयांश जादा उष्णता. तीही मेच्या दुपारी! व्होल्टेजचा अतिरेक किती महागात पडतो हे २०२४ साली दिसले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले. कंपनीला प्रोसेसरमधली आज्ञावली सुधारावी लागली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

आता आमचे काही प्राध्यापक म्हणतील, "खेळासाठी कशाला हा एवढा खटाटोप? अभ्यास करा!" त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मला वाटते, की खेळ हीच पुष्कळांची संगणकाशी पहिली ओळख असते. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने केलेला 'राजी' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आला. त्या यंत्राच्या प्रोसेसरला चार गाभे, वेग साधारण एक गिगाहर्ट्झ. मावसभावाचा लॅपटॉप त्याच्यापुढे पैलवान! तरी त्यावर प्राचीन भारतीय वास्तूंनी सजलेला तो खेळ चालतो. अशा यंत्रासाठी खेळ करणाऱ्याला प्रत्येक मिलिसेकंद मोजून खर्चावा लागतो. ही विद्या आपल्या मुलांना यावी असे मला मनापासून वाटते. पण ती बटण दाबून येत नाही. मोजून, तपासून, झाकण उघडून येते. आपल्या प्रयोगशाळेत वर्षातून एक तास तरी याला मिळावा, ही माझी विनंती आहे.

देवास सोडण्याआधी संध्याकाळी आम्ही टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलो. त्या टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व राहत. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा कानडी मुलूखातला मुलगा क्षयाने आजारी होऊन १९४८ च्या सुमारास देवासला आला. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले; काही वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडून ते माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. पुन्हा गायला बसले तेव्हा श्वास थोडा होता. पण कुठे तान तोडायची, कुठे थांबायचे, स्वर किती नेमका लावायचा, हे त्यांनी असे जाणले होते की त्या थोड्या श्वासातून एक नवीच गायकी उभी राहिली.

माणसाच्या प्रतिभेची यंत्राशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण खाली उतरताना मावसभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, वर्गणी पुढल्या वर्षी भरायची नाही. आणि ते शेड्यूलर कसं लिहितात, ते मला शिकवशील?"

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. नवे यंत्र घेण्याची वेळ केव्हातरी येईलच. पण असलेले यंत्र ओळखल्यानंतरच ती यावी.