विद्यावेतनाचे अकरा महिने संपले, पुढे काय? ‘लाडका भाऊ’ योजनेचा ठाणे ग्रामीणमधला हिशेब

ठाणे : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हे नाव गावात फार कुणी घेत नाही, सगळे ‘लाडका भाऊ’च म्हणतात. जुलै 2024 मध्ये शासन निर्णय निघाला. वय 18 ते 35, बारावी पासला महिना 6 हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार, पैसे थेट बँक खात्यात. मुदत आधी 6 महिने होती, 2025 मध्ये ती 11 महिने झाली.

पण नंतर नोकरी देण्याची हमी या योजनेत नाही, आणि ती पहिल्या दिवसापासूनच नव्हती. आझाद मैदानावर प्रशिक्षणार्थी ‘आम्हाला कायम करा’ म्हणत बसले, त्याचं मूळ इथेच आहे. फॉर्म भरताना अनेकांनी हे प्रशिक्षण आहे असं धरलंच नाही, नोकरी लागली असंच धरलं. योजनेचा गाजावाजा पाहता यात पोरांचा एकट्याचा दोष नाही.

खरी मेख प्रशिक्षण कुठे घेतलं यात आहे. नियमानुसार खाजगी आस्थापनेत किमान 20 कामगार हवेत. म्हणजे मुरबाड-शहापूरच्या बाजारातलं गॅरेज, वेल्डिंगचं दुकान, मोबाईल दुरुस्तीवाला हे सगळे बाहेर. हाताला कसब जिथे खरोखर लागतं, तीच जागा यादीत नाही! राहिले एमआयडीसीतले कारखाने, भिवंडीची गोदामं आणि सरकारी कार्यालयं. घराजवळ म्हणून, गाडीभाडं वाचतं म्हणून आणि ‘सरकारी’ या शब्दाच्या ओढीने बऱ्याच जणांनी ग्रामपंचायत, शाळा, कचेरी पकडली. तिथे काम केलं, पण तिथली रिकामी जागा भरायची तर जाहिरात निघते, परीक्षा होते. 11 महिने काम केलं म्हणून कुणाचा नंबर आपोआप लागत नाही. कारखान्यात निदान मालकाला माणूस पटला तर तो ठेवून घेऊ शकतो.

पैशाचंही बघा. महिन्याचे 26 दिवस धरले तर बारावी पासला दिवसाला साधारण 230 रुपये पडतात. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी 297 रुपये होती. शहापूरच्या पोराला आसनगावहून लोकल तरी मिळते, मुरबाडला रेल्वेच नाही. रोज कल्याणला एसटीने जायचं तर 6 हजारातले किती हातात राहणार? मुलींना मार्च 2023 पासून एसटीचं अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार.

यापेक्षा कमी बोलला जाणारा रस्ता अप्रेंटिसशिपचा. 30 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला कायद्यानेच अप्रेंटिस घ्यावे लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के. अंबरनाथ, डोंबिवली, मुरबाडच्या एमआयडीसीत असे कारखाने आहेत. विद्यावेतनातला 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे मालकालाही सगळा भार पडत नाही. करार लेखी होतो, ट्रेड ठरलेला असतो, शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं. फिटर, इलेक्ट्रिशियनसाठी हा कागद दुसऱ्या कारखान्यातही चालतो. आयटीआय झालेल्याने आधी इकडेच चौकशी करावी. मात्र ‘ट्रेनिंग’ म्हणून नेऊन कंत्राटदार नुसती हमाली करून घेत असेल तर सावध व्हा. करारावर ट्रेडचं नाव आहे का, हे सही करण्याआधीच बघायचं.

नोकरी नकोच, स्वतःचा धंदा करायचा आहे, त्यांच्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. बँकांमार्फत चालते, प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणही तिथेच. शिवणकाम, शेळीपालन, मोबाईल दुरुस्ती असे थोड्या दिवसांचे कोर्स असतात आणि पुढे दोन वर्षं पाठपुरावा, बँक कर्जासाठी मदत. चौकशी गावाच्या बँक शाखेत किंवा पंचायत समितीच्या उमेद कक्षात करता येते.

‘लाडका भाऊ’चे 11 महिने ज्यांचे झालेत, त्यांनी आस्थापनेकडून प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेतलं नसेल तर आधी ते घ्यावं. महास्वयमवरची माहितीही नवी करावी, त्याला एक पैसाही लागत नाही. फॉर्मसाठी पाचशे-हजार मागणारा भेटला तर त्याला सरळ नाही म्हणा.