मैत्रिणीचे देणे

गेल्या आठवड्यातील गोष्ट. सुटीमुळे सातपूरचे आमचे दुकान बंद होते. कारखान्यांना बेअरिंग, पट्टे आणि ऑइल सील पुरविण्याचा आमचा व्यवसाय. त्यामुळे वसाहतीची सुटी ती आमची सुटी. दुपारी सूनबाई स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावरचे फडके उगाच दोनदा घडी करीत म्हणाली, "मम्मी, वसतिगृहातल्या आम्ही पाचजणी पुण्याला एकीच्या घरी दोन दिवस भेटणार आहोत. मी जाऊ का?"

माझे उत्तर तयारच होते. राखीचे पाहुणे, दुकानातील मालाची मोजणी, नातवाची चाचणी परीक्षा. मी एवढेच म्हटले, "बघू." आपल्या घरांतील 'बघू' या शब्दाचा अर्थ प्रत्येक सुनेला ठाऊक असतो. तिने मान हलविली आणि ती निघून गेली. तिने वाद घातला असता, तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याही खोलीत एकेकाळी चौघीजणी होत्या.

मी येवल्याची. वाणिज्य शाखेत शिकण्यासाठी नाशिकला आले आणि कॉलेज रोडजवळील एका वसतिगृहात राहिले. चातुर्मास सुरू झाला आणि अडचण उभी राहिली. मेसचे जेवण साडेसातला, आणि माझा तर सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम. पहिले दोन दिवस मी शेंगदाणे आणि गूळ खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीतली लासलगावची मैत्रीण मला काही न विचारता स्वयंपाकघरात गेली, मावशींशी बोलली आणि उजेड असतानाच दोन गरम पोळ्या व वेगळी काढलेली भाजी घेऊन वर आली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कांद्याची शेती. पण माझ्या ताटात कांद्याची पातही येणार नाही, याची काळजी तिने तीन वर्षे वाहिली. त्याबद्दल तिने कधी एक शब्द बोलून दाखविला नाही.

अशा मैत्रीला अमेरिकेत संस्थेचे रूप मिळाले. १८५१ साली जॉर्जिया राज्यातील मेकन गावच्या वेस्लियन महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींनी आपली एक मंडळी स्थापन केली. पुढे तेथील अनेक महाविद्यालयांत अशा संस्था निघाल्या आणि त्यांना 'सोरॉरिटी' हे नाव मिळाले. लॅटिन भाषेत 'सोरॉर' म्हणजे बहीण. महाविद्यालयात मुली मोजक्याच असत. एकमेकींचा आधार हीच त्यांची गरज होती. शिक्षण संपल्यावरही हे भगिनीत्व आयुष्यभर चालावे, अशी त्यामागची कल्पना.

आपल्याकडे या गरजेचे रूप अधिक कठोर होते. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची कन्या मगनबाई यांना तरुण वयातच वैधव्य आले. त्या काळच्या रीतीने त्यांचे उरलेले आयुष्य घराच्या एका कोपऱ्यात गेले असते. वडिलांनी मात्र त्यांना शिकविले. मगनबाईंना दोन सखी भेटल्या : एक ललिताबाई, आणि दुसऱ्या कंकुबाई, म्हणजे सोलापूरचे व्यापारी आणि 'जैन बोधक'चे संस्थापक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांची कन्या. या तिघींच्या प्रयत्नांतून १९०९ साली अहमदाबादेत श्राविकाश्रम उभा राहिला आणि नंतर तो मुंबईस आला. ज्यांना घरात जागा नव्हती अशा स्त्रिया तेथे एकत्र राहिल्या, शिकल्या आणि पुढे इतरांना शिकवू लागल्या. १९३० मध्ये मगनबाईंचे निधन झाले, पण त्यांनी लावलेल्या वृक्षाच्या फांद्या दूरवर पोहोचल्या होत्या. तीन मैत्रिणी एकत्र आल्या नसत्या, तर हे घडले असते का?

मुलांच्या बाबतीत आपल्या समाजाने मैत्रीचे मोल फार लवकर ओळखले. शेठ माणिकचंदांनी १९०० साली मुंबईत वडिलांच्या स्मरणार्थ बोर्डिंग काढले. आपल्या जिल्ह्यात चांदवडला १९२८ साली श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. अशा ठिकाणी एका पंगतीत बसलेली मुले पुढे वेगवेगळ्या पेठांत स्थिरावली, आणि त्यांची मैत्री व्यवहारात उतरली. आजही आमचे हे एखाद्या जुन्या वर्गमित्राला नुसत्या शब्दावर माल देतात. कोणी शंका काढली, तर म्हणतात, "आम्ही एका खोलीत राहिलो आहोत." एवढे तारण पुरते.

मग मुलींच्या मैत्रीचे काय होते? लग्नात त्या मैत्रिणी मेंदी काढतात, हसतात, पाठवणीच्या वेळी रडतात, आणि तेथेच आपण ते खाते बंद करतो. नव्या घरात नणंदा-जावा असताना मैत्रिणी कशाला, असा आपला हिशेब असतो. नाती आपण मनापासून सांभाळतो, हे खरेच. पण नात्यातल्या माणसांना आपण ज्या घरच्या सून किंवा लेक आहोत, तीच ओळख असते. घराच्या ओळखीआधी आपण कोण होतो, हे मैत्रिणीलाच माहीत असते.

आता जे लिहायचे आहे, ते लिहिताना हात जड होतो. काही वर्षांपूर्वी लासलगावच्या त्या मैत्रिणीच्या पतीला नाशिकच्या एका रुग्णालयात दाखल केले होते. तिने मला फोन करून कळविले होते. आमच्या दुकानापासून ते रुग्णालय फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. पण दिवाळी तोंडावर होती. वसुली, गिऱ्हाइकांच्या मिठाया, वहीपूजनाची तयारी. रोज मी म्हणत असे, उद्या जाईन. अठरा दिवस मी असेच म्हणत राहिले. लक्ष्मीपूजन थाटात झाले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला, की तिचे यजमान गेले.

मी तिला भेटायला गेले, तीही चार महिन्यांनी. तिने तक्रार केली नाही. चहा करून आणला, माझ्या सुना-नातवंडांची चौकशी केली. मग अगदी सहज म्हणाली, "दवाखान्याच्या खिडकीतून मावळती दिसायची. रोज त्या वेळी मनात यायचं, आता तुझं जेवण झालं असेल."

माझ्या नियमाची आठवण तिने त्या अठरा दिवसांतही ठेवली होती. आणि मी, चार पोळ्या डब्यात भरून रिक्षाने निघण्याइतकाही वेळ काढला नव्हता. आम्ही व्यापारी माणसे. कोणाचे देणे आपल्या अंगावर राहू नये, हे बाळकडू घेऊन वाढलेलो. रोजमेळात एक रुपया जुळला नाही, तर रात्री बारापर्यंत बसतो. हे एवढे मोठे देणे मात्र आमच्या कोणत्याही वहीत कधी लिहिलेच गेले नव्हते.

पर्युषण पर्व आता जवळ आले आहे. संवत्सरीला आपण क्षमापना करू. शेकडो लोकांना एकच तयार संदेश पाठवू. त्यात पुरवठादार असतील, गिऱ्हाइके असतील. यंदा मी ठरविले आहे, की सूर्यास्ताला दोन तास असतील अशा बेताने लासलगावला पोहोचायचे आणि तिच्यासमोर बसून क्षमा मागायची. आपल्या आचार्यांनी सांगितलेल्या चार भावनांत पहिले स्थान मैत्रीला आहे. ती समस्त जीवमात्रांशी ठेवायची असते. पण तीन वर्षे एका खोलीत राहिलेल्या एका जीवाशी ज्याला ती ठेवता आली नाही, त्याने समस्तांची गोष्ट कोणत्या तोंडाने करावी?

सासूच्या नात्याने माझ्या वयाच्या भगिनींना एवढीच विनंती आहे. घरात सून आली, की तिच्या माहेरच्या माणसांची नावे आपण जशी विचारून घेतो, तशी तिच्या मैत्रिणींचीही विचारून घ्या. घरच्या मंगल कार्याच्या यादीत त्यांची नावे असू द्या. त्यांच्यापैकी कोणावर प्रसंग ओढवला, तर सुनेला परवानगी मागायला लावू नका. डबा भरून तिच्या हाती द्या. आणि वर्षातून दोन दिवस दुकान, पाहुणे आणि परीक्षा यांचा भार आपल्या खांद्यावर घ्या. तो फार जड नसतो, असा माझा आताचा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूनबाईला विचारले, "पुण्याची गाडी किती वाजता?" ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, मालाची मोजणी?"

"ती मी करीन," मी म्हटले. "बी.कॉम. मीही झाले आहे."