पैसे भरले एवढे पुरे; पाळत कशासाठी?

सायखेड्याचा कांदा पिकअपमध्ये भरून नाशिकमार्गे वाशीच्या बाजारात न्यावयाचा म्हटले, की वाटेत घोटी आणि पडघा हे टोलनाके लागतात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरच्या फास्टॅगचा क्रमांक यंत्र वाचते, खात्यातून पैसे जातात आणि कोणती गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली, याची नोंद बँकेच्या व महामार्ग यंत्रणेच्या संगणकांत जमा होते. रांगा कमी झाल्या, सुट्या पैशांची कटकट गेली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पथकर भरला एवढेच कळणे पुरेसे असताना माणसाच्या हालचालींचा इतिहास कशासाठी साठवावयाचा?

तंत्रच तसे आहे, त्याला इलाज नाही, असे उत्तर मिळते. ते खरे नाही. नाणे खरे आहे हे बँकेने तपासावे, पण ते कोणी खर्चिले हे तिला कळू नये, अशी पद्धत डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८२ सालीच मांडली होती. वाहनांनी परस्परांना बिनतारी संदेशाने धोक्याची सूचना द्यावी, यासाठी अमेरिकेत आखलेल्या व्यवस्थेत प्रत्येक गाडीला अनेक तात्पुरती प्रमाणपत्रे मिळतात व ती वरचेवर बदलतात. संदेश खऱ्या गाडीचा आहे हे सिद्ध होते. गाडी कोणाची हे उघड होत नाही. प्रमाणपत्रांचे काम निरनिराळ्या यंत्रणांत वाटलेले असल्याने एकट्या कार्यालयाला माग काढता येत नाही. लबाड गाडीची प्रमाणपत्रे मात्र रद्द करता येतात. म्हणजे अडचण तंत्राची नाही, सत्तेच्या इच्छेची आहे.

गरिबाला कसली गोपनीयता, असे आपल्यातलेही काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी मार्च २०१८ आठवावा. ६ तारखेस नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च याच महामार्गाने १२ तारखेस मुंबईत आझाद मैदानावर होता. अशा मोर्चामागे शिधा, पाणी, औषधे पोहोचविणाऱ्या गाड्या लागतात. उद्या त्यांची यादी क्षणात निघू लागली, तर कर्जाच्या हप्त्यावर गाडी घेतलेला छोटा शेतकरी ती मोर्चाला देताना दहादा विचार करील. श्रीमंताला वकील असतो. गरिबाचे संरक्षण त्याची संघटना करते, आणि पाळतीचा पहिला घाव तिच्यावरच पडतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु त्याच्या १७ व्या कलमान्वये सुरक्षा व सुव्यवस्थेच्या कारणासाठी केंद्र सरकारला आपल्या यंत्रणा त्यातून वगळता येतात. घराला दार बसविले आणि किल्ली चौकीवर ठेवली, असा हा प्रकार आहे. त्यातच सप्टेंबर २०२४ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने, कापलेल्या अंतरानुसार पथकर घेण्याची तरतूद नियमांत झाली. ती सरसकट अमलात आली, तर नाक्यापुरती नोंद वाटेतल्या प्रत्येक वळणाची होईल.

म्हणून बाजार समित्यांतून, ग्रामसभांतून आणि वाहतूकदारांच्या संघटनांतून तीन मागण्या आताच पुढे आल्या पाहिजेत. हिशेबाची व तक्रारीची मुदत संपताच प्रवासाची नोंद नष्ट व्हावी. न्यायालयाच्या आदेशावाचून ती कोणाच्याही हाती पडू नये. नव्या पद्धतीत ओळख उघड न करता पथकर भरण्याची सोय असावी. रस्ता जनतेच्या पैशाने झाला आहे. त्यावरून कोण कोठे गेले याचा जाब जनतेने देण्याचे कारण नाही.