मेलेल्या कंपन्यांची वंशावळ

शेअर घेऊन श्रीमंत कसे व्हावे हे शिकवणाऱ्या मराठी पुस्तकांना तोटा नाही. पण आजोबांनी ज्या कंपनीचे शेअर घेतले ती पुढे कुठे गेली, हे सांगणारे एकही मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. ट्रंकेच्या तळाशी ‘टाटा ऑइल मिल्स’चा कागद सापडला तर घरच्या विधवेने काय समजावे? रद्दी! वस्तुतः ती कंपनी हिंदुस्थान लीव्हरने पोटात घेतली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पंधरा शेअरांमागे दोन, असा (मास्तरांच्या आवडीचा) त्रैराशिकाचा हिशेब ठरला. पुढे २००७ साली लीव्हरचेही नाव पालटले.

लंडनच्या शेअरबाजाराच्या वार्षिकातून गळालेल्या कंपन्यांची निराळी नोंदवही निघत असे. अमेरिकेत मार्विन स्कडर यांच्या नावाने लुप्त कंपन्यांची सूची १९२६ पासून निघू लागली. आमच्याकडे सात वर्षे लाभांश नेला नाही तर शेअर सरकारी निधीत जमा करण्याचा कायदा तेवढा झाला!

‘सारे संगणकावर मिळते,’ म्हणे. मिळते, पण तुकड्यातुकड्यांनी, इंग्रजीत, आणि कुठे शोधावे हे आधीच ठाऊक असलेल्याला. प्रकाशकहो, राशिभविष्याला दरसाल कागद मिळतो. या वंशावळीलाच तो महाग का?